पेट्रोलची वही आणि लेहची वाट

आमच्या घरातली हिशेबाची वही मी लिहिते. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून लिहिते आहे. दूध, वाणी, भाजी, औषधं, पाहुणे, किरकोळ अशी खाती पाडलेली लांबट वही. दर पाडव्याला नवी काढायची. या वहीवरून आमच्याकडे थट्टाही पुष्कळ होते. “कोथिंबिरीची जुडीसुद्धा मांडतेस. अगं, बँकेत मी होतो की तू?” हे यांचं ठरलेलं वाक्य. तर अशी ही थट्टेची वही मला एके दिवशी पंधरा हजार फुटांवर उपयोगी पडेल, असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते.

हे २०२२ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. नवरा निवृत्त झाल्यावरचे पहिले दोन महिने घरातल्या बाईला कसे जातात, ते जिचं तिलाच ठाऊक! फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले, मोलकरणीला झाडू कसा धरावा ते सांगून झालं. हसू यायचं खरं, पण एका रात्री दिवा मालवल्यावर हे हळूच म्हणाले, “आता मला कुणी काही विचारत नाही, नाही का?” मला एकदम गलबलून आलं. ज्या माणसाच्या टेबलाशी दिवसाला पन्नास माणसं उभी राहायची, तो आता एकच वर्तमानपत्र दोनदा वाचत होता.

दाराशी मुलाची मोटारसायकल उभी होती. त्यानं २०१९ साली हौसेनं घेतलेली ‘हिमालयन’. त्याची बदली दूर झाली आणि गाडी आमच्या साताऱ्याच्या घरी राहिली. ऑगस्टमध्ये यांनी बाँब टाकला, “आपण लेहला जाऊ या. या गाडीवर. दोघं.” माझं वय चौपन्न, यांचं अठ्ठावन्न. नाही म्हणायला माझ्याजवळ चांगली दहा कारणं होती. पण बऱ्याच दिवसांनी यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलताना दिसत होतं. म्हटलं, आधी डॉक्टरांकडे जाऊ, मग बघू. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं आणि जा म्हणाले. झालं, माझी दहाही कारणं संपली!

ही गाडी आपल्या नेहमीच्या मोटारसायकलीसारखी नाही बरं का! डांबरी रस्त्यावर चालते आणि रस्ता संपून दगडगोटे लागले तरी चालते, अशी ही दुहेरी जात. पुढचं चाक मोठं, एकवीस इंची. गाडी जमिनीपासून उंच. टायरांना चौकोनी गाठी. वजन दोनशे किलोच्या आसपास आणि पेट्रोलची टाकी १५ लीटरची. मला वर चढायला सुरुवातीला अंगणातला ओटा लागत असे.

जाणार म्हटल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: “ॲव्हरेज किती देते?” यांच्या एका मित्रानं ठोकून दिलं, “आरामात चाळीस!” हे लगेच हिशेब करून मोकळे. पंधरा चोक साठ, म्हणजे एका टाकीत सहाशे किलोमीटर. मी विचारलं, “हा चाळीसचा आकडा मोजला कुणी?” त्यावर उत्तर नव्हतं.

मग मीच मुलाला फोन करून थोडी माहिती काढली. गाड्यांची तपासणी करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. १९६६ सालची. अशा तपासणीत गाडी रुळांवर चढवून जागच्या जागी चालवतात. किती वेळ कोणत्या वेगानं चालवायची ते ठरवून दिलेलं असतं. दोन गाड्यांची तुलना करायला ते उत्तमच. पण त्या रुळांवर समोरून वारा नसतो, घाट नसतो, मागं बायको नसते आणि बायकोच्या मागं दोन पेट्या नसतात! तेव्हा तिथला आकडा आणि आपल्या रस्त्यावरचा आकडा एक कसा यायचा? स्वयंपाकाच्या पुस्तकात ‘चार माणसांना पुरेल’ असं लिहिलेलं असतं, पण ती माणसं आपल्या घरातली नसतात, तसंच हे.

मी नव्या वहीत एक पान काढलं आणि वर लिहिलं: पेट्रोल.

पुण्याहून दिल्लीपर्यंत गाडी रेल्वेनं पाठवली. रेल्वेत चढवण्यापूर्वी टाकीतलं सगळं पेट्रोल काढावं लागतं आणि गाडीला गोणपाट गुंडाळावं लागतं. त्यामुळे दिल्लीत आमचा हिशेब अगदी शून्यापासून सुरू झाला. पंपापर्यंत ढकलतच गेलो म्हणा ना! तिथं साडेचौदा लीटर बसलं. लीटरला ९६ रुपये ७२ पैसे, एकूण १४०२ रुपये. वहीतली पहिली नोंद.

मोजायची पद्धत सोपी आहे. टाकी एका ठरावीक खुणेपर्यंत भरायची आणि गाडीचे किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या पंपावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायची. जितके किलोमीटर झाले त्यांना नव्यानं बसलेल्या पेट्रोलनं भागायचं. काट्याकडे बघून अंदाज करायचा नाही. गाडी उताराला उभी असली की काटा एक सांगतो, चढाला असली की दुसरंच. आणि टप्पा मोठा हवा. दोन-तीन लीटरवर काढलेला आकडा फसवा असतो. भरताना एक घोट इकडचा तिकडे झाला तरी उत्तर बदलतं.

दिल्ली ते चंडीगढ रस्ता म्हणजे परातीसारखा सपाट. हे खुशीत आले. ऐंशी, नव्वद... मी मागून पाठीवर थापा मारते आहे, हे ऐकायला तयार नाहीत. चंडीगढला टाकी भरली: २४६ किलोमीटर, ९.१ लीटर. भागून बघितलं तर लीटरला २७!

“पंपवाल्यानं कमी घातलं असेल,” हे म्हणाले.

“कमी घातलं असतं तर टाकी भरली कशी?” मी म्हटलं. यावर जे काही शब्दाला शब्द वाढले ते इथं लिहीत नाही. प्रत्येक घरात प्रवासाच्या पहिल्या दिवशी ते होतंच.

दुसऱ्या दिवशी बिलासपूर, मंडी, कुलू करत मनालीला पोचलो. सगळा घाट. यांना वाटलं, आता आकडा वीसवर येणार. झालं उलटंच! ३१२ किलोमीटरला १०.१ लीटर, म्हणजे लीटरला जवळजवळ ३१. सपाटीवर २७ आणि डोंगरात ३१? हे चकित झाले. रात्री मुलानं फोनवर उलगडून सांगितलं तेव्हा समजलं. वेग वाढला की समोरच्या हवेचा अडथळा नुसता वाढत नाही. वेग दुप्पट झाला तर अडथळा चौपट होतो! आमची गाडी उंच, वर दोन माणसं, दोन्ही बाजूंना पेट्या. नव्वदच्या वेगात आम्ही एखादं कपाट अंगावर घेऊन वाऱ्यात पळवत होतो. घाटात चाळिशीच्या वर जायला मिळालंच नाही, म्हणून पेट्रोल वाचलं. कुकरला शिट्टी आल्यावरही गॅस मोठाच ठेवला तर डाळ लवकर शिजत नाही, नुसता गॅस जातो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का?

मनालीच्या बाजारात मी हट्टानं पेट्रोलसाठीच बनवलेला पाच लीटरचा पत्र्याचा डबा घेतला. हे म्हणाले, “कशाला ओझं?” भरल्यावर डब्यातल्या पेट्रोलचं वजन होतं पावणेचार किलोच्या आसपास. मी माझ्या दोन साड्या आणि एक शाल हॉटेलात ठेवली आणि म्हटलं, “घ्या, तुमचं ओझं कमी झालं.”

मनालीच्या पुढे अटल बोगदा लागतो. नऊ किलोमीटर लांब, २०२० साली सुरू झालेला. पूर्वी रोहतांगची खिंड चढून जावं लागे. बोगद्यातून बाहेर पडलो आणि हिरवे देवदार जाऊन एकदम उघडे डोंगर समोर आले. पुढे तांडी नावाचं छोटं गाव आहे. तिथं चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो आणि पुढे तीच चिनाब. चंद्रभागा म्हटलं की आपल्याला पंढरपूर आठवणार. मी गाडीवरूनच हात जोडले.

याच तांडीत तो पेट्रोलपंप आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथं पाटी होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ती पाटी वाचल्यावर हे प्रथमच गप्प झाले. खरं म्हणजे लेहच्या अलीकडे, कारूलाही पंप आहे. म्हणजे तांडीपासून साधारण ३३० किलोमीटर. पण मध्ये काही नाही. सोळा-सतरा हजार फुटांच्या खिंडी, ओढे, आणि पावसाळ्यापुरते उभे राहणारे तंबू. मी वही उघडली. लीटरला २५ धरले तरी सव्वातेरा लीटर लागेल. टाकी पंधराची. पुरेल, पण पोळ्या मोजून लाटाव्यात तसं. एक वाट चुकली, एकदा मागं फिरावं लागलं, की संपलं. टाकी भरली, डबाही भरला. पंपावर मोठी रांग होती, अर्धा तास उभं राहावं लागलं. या रांगेची गोष्ट पुढे येणार आहे.

पहिली रात्र जिस्पाला आणि दुसरी सरचूला काढली. उंचीची सवय व्हायला हवी, एका दमात चढायचं नाही. बारालाचा खिंडीत गाडी कण्हायला लागली. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद कमी होते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल मात्र तेवढंच यायचं, मग काळा धूर निघायचा आणि पेट्रोल फुकट जायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या हवेच्या दाबाप्रमाणे पेट्रोलही बेतानं सोडतात. सरचूच्या तंबूत तर भातसुद्धा कुकरशिवाय शिजत नाही. पाणी ८५-८६ अंशांवरच उकळतं, मग तांदूळ कच्चाच राहणार. तिथली बाई कुकरच्या चार-चार शिट्ट्या काढत होती. त्या शिट्ट्या ऐकून मला आपलं घर आठवलं आणि उगीच डोळे भरून आले. यांचं डोकं दुखत होतं. मी त्यांना थोडं थोडं पाणी पाजत बसले होते, आणि मनात सारखं येत होतं, आपण या वयात हे काय करून बसलो?

सकाळी यांना बरं वाटलं. गाटा लूप्सची एकवीस वळणं चढून, आणखी दोन खिंडी ओलांडून दुपारी आम्ही पांगला पोचलो. पांग म्हणजे गाव नव्हे. लष्कराचा तळ आणि लडाखी बायका चालवतात ते चहा-जेवणाचे तंबू. उंची पंधरा हजार फूट.

तिथं एका तंबूबाहेर तिशीची एक मुलगी गाडीशेजारी बसली होती. आत तिची आई कपाळाला ओढणी बांधून पडलेली. दोघी लुधियान्याच्या. आईला बर्फाचे डोंगर दाखवायचे म्हणून मुलगी तिला मागं बसवून घेऊन निघाली होती. तांडीला रांग बघून ती थांबली नाही! टाकी मनालीला भरलेली होती आणि प्लास्टिकच्या दोन बाटल्यांत जादा पेट्रोल होतं. त्या बाटल्या कॅरियरच्या लोखंडाला घासून घासून भोकं पडली आणि पेट्रोल वाटेतच गळून गेलं. टाकीत उरलं होतं दोन-अडीच लीटर. पुढे कारू १४५ किलोमीटर. तंबूवाल्या ताईंकडेही त्या दिवशी विकायला पेट्रोल नव्हतं. येणारे-जाणारे हळहळत होते आणि आपापल्या टाकीकडे बघून पुढे जात होते. त्यांचंही काय चुकलं? आपल्याकडे किती उरलंय हेच ज्याला माहीत नाही, तो दुसऱ्याला देणार तरी कसा?

हे माझ्याकडे वळले. यांनी पेट्रोलचा काटा बघितला नाही. म्हणाले, “अगं, तुझी वही काय म्हणते?”

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. हा प्रश्न प्रथमच आला होता.

मी दगडावर बसून मांडलं. तांडीपासून १९० किलोमीटर झाले. वाईटात वाईट, लीटरला २५ धरू: ७.६ लीटर गेलं. टाकीत राहिलं ७.४. पुढे १४५ किलोमीटर, त्यात तगलांग खिंडीची मोठी चढण, म्हणून २२ च धरू: लागेल ६.६. म्हणजे टाकीवर आपण जाऊ, वर पाऊण लीटर उरेल. डबा पाचचा अख्खा आहे. दोन लीटर हाताशी ठेवू. तीन देता येतील.

“नक्की?” यांनी विचारलं.

“नक्की,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

तिची गाडी तंबूतल्या स्टोव्हपासून लांब ढकलत नेली, इंजीन गार होऊ दिलं आणि डब्यावरच्या खुणा बघत तीन लीटर ओतलं. तिच्या गाडीचं ॲव्हरेज तिशीच्या आसपास, म्हणजे तिला जेमतेम पुरणार. म्हणून ठरलं की कारूपर्यंत चौघांनी बरोबरच जायचं आणि पन्नासच्या वर कुणी जायचं नाही.

पांगच्या पुढे मोरे मैदान लागतं. चाळीसेक किलोमीटर सपाट, सरळ, गुळगुळीत रस्ता आणि दोन्हीकडे डोंगर. कुणालाही गाडी सोडावीशी वाटेल अशी जागा! पण हे पंचेचाळीस-पन्नासवरून हलले नाहीत. मागं ती मुलगी यांच्या चाकोरीत चाक ठेवून येत होती. थांबलो की विचारायची, “अंकल, या चढाला गिअर कोणता ठेवू?” “अंकल, चेन सैल वाटते का बघता?” हे खाली वाकून बघायचे, समजावून सांगायचे. मी आणि तिची आई बाजूला उभ्या राहून बघत होतो. मला ती रात्रीची गोष्ट आठवली आणि मी तोंड फिरवून डोंगर बघायला लागले.

तगलांग खिंड साडेसतरा हजार फुटांवर. वारा असा की उभं राहवेना. फोटो न काढताच उतरलो. रुम्त्से आलं, हिरवी शेतं दिसली, उपशीला सिंधू नदी भेटली आणि दिवेलागणीला कारूचा पंप दिसला. तिघींनीही एकदम ‘हुश्श’ केलं.

तिची गाडी आली, आमच्या राखीव दोन लीटरना हात न लावता. आमची टाकी भरली तेव्हा १०.२ लीटर बसलं. ३३२ किलोमीटरला १०.२, म्हणजे लीटरला साडेबत्तीस! दिल्लीच्या सपाट रस्त्यापेक्षा जास्त. विरळ हवेची आणि चढांची मी धरलेली सगळी भीती जास्तीची ठरली होती, कारण आम्ही हळू आलो होतो. खरं तर पांगला डब्यातलं सगळं पेट्रोल दिलं असतं तरी चाललं असतं. पण ते कारूला कळलं. वाटेत असताना वाईटातलं वाईट धरूनच मांडावं लागतं, आणि मग जे उरेल ते निर्धास्त देता येतं.

घरी आल्यावर आमच्या स्कूटरचंही पान मी वहीत काढलंय. तुम्हीही काढून बघा. टायरमधली हवा महिन्यातून दोनदा तपासायची. हवा कमी असली की गाडी ओढल्यासारखी चालते आणि पेट्रोल खाते. क्लच अर्धवट दाबून चालवायचं नाही. डिकीतलं नको ते सामान काढून टाकायचं. सिग्नलला जास्त वेळ लागणार असेल तर इंजीन बंद. एकदम पळवायचं आणि एकदम ब्रेक दाबायचा, असं करायचं नाही. आणि लांबच्या वाटेला जाणार असाल तर पुढचा पंप कुठं आहे याची त्या त्या वेळी चौकशी करा, पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत नेऊ नका आणि पंपावरची रांग बघून पुढे जाऊ नका.

कारूला ती मुलगी पैसे देऊ लागली. मी हात पुढे करणारच होते (हिशेब तो हिशेब!), तर हे म्हणाले, “छे छे, काहीतरीच काय!” मग तिच्या आईनं पिशवीतून घरची तुपातली पिन्नी काढून माझ्या हातावर ठेवली, लाडवाएवढी.

रात्री लेहच्या खोलीत मी वही घेऊन बसले. अडले ते एकाच ठिकाणी. दिलेलं तीन लीटर कुठं मांडायचं? पेट्रोलच्या पानावर लिहावं तर आमच्या गाडीचं ॲव्हरेज बिघडणार. किरकोळ म्हणावं तर तीनशे रुपये काही किरकोळ नव्हेत.

“इकडे दे,” हे म्हणाले. माझ्या हातातून पेन घेतलं, पानं उलटली आणि बँकेतल्या त्या रेखीव अक्षरात स्वतः नोंद केली. मी वाकून बघितलं.

‘पाहुणे’ या खात्यावर लिहिलं होतं: पेट्रोल, ३ लीटर.